जागल्याची साक्ष

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कॅलेंडरावर, ज्या चौकटींत गेली तीस वर्षे दुधाच्या पिशव्या, गॅसचा सिलिंडर आणि मोलकरणीचे खाडे यांचीच नोंद होत आली, त्याच चौकटींत मागल्या श्रावणापासून काही अनोळखी आकडे दिसू लागले. कुठे १८, कुठे २२, आणि एका सोमवारी तर ३१, व त्याभोवती पेन्सिलीने काढलेले वर्तुळ. दुधाचा भाव एवढा चढला की काय अशा समजुतीने मी पृच्छा केली, तेव्हा कळले की हिशेब दुधाचा नसून माझ्या श्वासाचा आहे. रात्री घोरता घोरता मी एकाएकी गप्प होतो, छाती हलते पण वारा हलत नाही, आणि मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा एक हिसका देऊन मी पुन्हा घोरू लागतो. या दोन घोरण्यांमधल्या शांततेत पत्नी अंधारात पडल्या पडल्या मनाशी आकडे मोजीत असे, आणि रात्रीतला सर्वांत मोठा आकडा सकाळी चहाचे आधण ठेवता ठेवता कॅलेंडरावर टिपून ठेवीत असे. मला विचाराल तर मी उत्तम झोपत होतो.

वैद्याकडे जाणारा रोगी हा सामान्यतः स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच पहिला साक्षीदार असतो. पोट कुठे दुखते, ताप केव्हा चढतो याविषयीची त्याची जबानी इतकी भरवशाची मानली जाते की बहुतेक निदानांचा पाया तीवरच उभा राहतो. निद्राविकारांच्या बाबतीत मात्र फिर्यादी घटनास्थळी हजर असूनही गैरहजर असतो, आणि जे घडले ते त्याच्याच देहावर घडलेले असूनही त्याची साक्ष कोणत्याही दरबारात ग्राह्य धरता येत नाही. जुन्या गावगाड्यात जागल्या म्हणून एक असामी असे. गाव निजल्यावर गस्त घालावी, कोण आले कोण गेले ते पाहावे आणि उजाडताच पाटलाला वर्दी द्यावी, एवढेच त्याचे काम, पण गाव स्वतःच्या रात्रीविषयी जे काही जाणे ते त्याच्याच तोंडून. निद्रेविषयीच्या संशोधनाचा गेल्या शतकभराचा वृत्तान्त मी आपल्या निमित्ताने चाळू लागलो, तेव्हा तो मला यंत्रांचा किंवा औषधांचा इतिहास न वाटता अशा जागल्यांचाच इतिहास वाटला.

जागल्या नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण १९५६ सालचे आहे. बोस्टनचे डॉ. सिडनी बर्वेल आणि त्यांचे सहकारी यांनी त्या वर्षी एका स्थूल, सदा पेंगणाऱ्या व्यावसायिकाची हकीकत प्रसिद्ध केली. हे गृहस्थ दवाखान्यात आले ते एका पत्त्यांच्या डावामुळे: पोकर खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे अशी पाने आली असता, पैज वाढविण्याऐवजी त्यांना झोप लागली आणि डाव हातचा गेला. डॉक्टरांना डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला, उभ्या उभ्या निजणारा तो लठ्ठ पोरगा ज्यो आठवला, आणि त्यांनी या व्याधीला पिकविकचे नाव दिले. कारणमीमांसा अशी की मेदाच्या भाराने श्वास उथळ होतो, रक्तात कर्बद्विप्राणिद वायू साचतो आणि त्याची गुंगी चढते. मीमांसा अगदीच खोटी नव्हती. परंतु सर्वांचे लक्ष दिवसा पेंगणाऱ्या माणसावर खिळलेले होते, आणि हाच माणूस रात्री काय करतो हे पाहायला कोणी त्याच्या उशाशी बसले नव्हते. निदान अर्धे राहिले ते एवढ्यामुळे.

उशाशी बसण्याची प्रथा त्यापूर्वीच शिकागोत सुरू झाली होती, पण ती वेगळ्या कुतूहलापोटी. तेथील नाथानिएल क्लाइटमन हे आयुष्यभर निद्रेवाचून दुसरा विषय न शिवलेले प्राध्यापक. १९३८ साली आपल्या एका विद्यार्थ्यासह केंटकीतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहून, सूर्य दिसत नसेल तर देह २८ तासांचा दिवस मान्य करतो काय, याची परीक्षा त्यांनी स्वतःवरच केली होती. तरुण विद्यार्थ्याच्या देहाने तो नवा हुकूम मानला, त्रेचाळिशीच्या गुरुजींच्या देहाने साफ नाकारला. याच क्लाइटमनांच्या प्रयोगशाळेत युजीन ॲसरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने १९५१ च्या अखेरीस आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या, डोळ्यांभोवती तारा चिकटवून त्याला निजविले आणि शेजारच्या खोलीत तो स्वतः एका जुनाट यंत्राच्या फिरत्या कागदापुढे जागत बसला. रात्रीला सुमारे अर्धा मैल कागद खर्ची पडे. मुलगा गाढ निजलेला असता मधेच लेखण्या अशा थरथरू लागत की जणू तो जागा होऊन इकडेतिकडे पाहतो आहे. बापाला आधी यंत्राचाच संशय आला, मग तो खोलीत जाऊन पाहून आला, तो पोर निजलेलेच, फक्त मिटल्या पापण्यांखाली बुबुळे धावत होती. १९५३ साली हे प्रसिद्ध झाले आणि निद्रा म्हणजे दिवा मालविल्यासारखी एकरंगी शून्यावस्था, ही समजूत त्या कागदावर संपली. माणूस रात्रीतून चार-पाच वेळा या चंचल नेत्रांच्या, स्वप्नबहुल निद्रेत शिरतो व बाहेर येतो, हे आता शाळकरी पुस्तकांतही असते. पण ते कळण्यासाठी एका बापाला आपले लेकरू निजलेले असताना जागावे लागले, ही गोष्ट पुस्तकांत सहसा नसते.

पिकविकच्या पोराचे कोडे सुटले ते १९६५ साली, आणि तेही एकाच वेळी दोन गावी: फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो, तासिनारी व द्युरों यांच्याकडे, आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग व कुलो यांच्याकडे. मेंदूच्या लहरींबरोबर त्यांनी श्वासाचीही नोंद रात्रभर चालू ठेवली, आणि असे दिसले की रोगी दिवसा झोपाळू दिसतो तो अति झोपेने नव्हे. त्याला मुळी झोपच मिळत नव्हती. रात्रीत शेकडो वेळा त्याचा श्वास अडत होता, शेकडो वेळा मेंदू त्याला अर्धवट जागा करून श्वास पुन्हा चालू करीत होता, आणि यांतल्या एकाही जागृतीची स्मृती सकाळी उरत नव्हती. पुढे १९७२ मध्ये फ्रान्सहून कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला आलेल्या क्रिस्तियाँ गियेमिनो यांनी तेथील निद्रासंशोधक विल्यम डिमेंट यांच्या सहवासात अशा रोग्यांच्या रात्री जमविल्या, हा विकार सडपातळ माणसांनाही होतो हे दाखविले, आणि १९७६ मध्ये त्याला आज रूढ असलेले ‘स्लीप ॲप्निया’चे नाव मिळाले. मराठीत आपण त्याला निद्राश्वसनरोध म्हणू, जरी दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसे ‘झोपेत श्वास थांबतो’ एवढेच म्हणतात आणि ते जास्त बरोबर आहे.

या विकाराचे मूळ मानवी कंठाच्या रचनेतच आहे. छातीतल्या श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, नाकाला हाडाचा. या दोहोंमधला जो घशाचा भाग, तो मात्र केवळ मांसल भिंतींची एक मऊ नळी आहे, आणि जागेपणी स्नायूंच्या ताणामुळे उघडी राहणारी ही नळी झोपेत ताण सैलावताच अरुंद होते. अरुंद नळीतून वारा वेगाने खेचला जातो, भिंती थरथरतात, हेच घोरणे. भिंती एकमेकींना चिकटल्या की घोरणे थांबते, आणि घरातल्यांना हायसे वाटते तो क्षण नेमका अपायाचा असतो. प्राणवायू उतरू लागतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवितो, नाडी आणि रक्तदाब उसळतात, माणूस क्षणभर जागा होतो, नळी उघडते. दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ वारा अडला तर एक रोध मोजतात. पूर्ण रोध आणि अर्धवट रोध मिळून तासाला ५ हून कमी असतील तर ठीक, १५ च्या वर गेल्यास मध्यम, ३० च्या वर गेल्यास तीव्र. माझा आकडा ४१ निघाला. घोरणाऱ्याला ‘काय गाढ झोपलाय!’ म्हणून कौतुकाने पाहणारी आपली लोकरीत किती उलट्या बाजूने पाहत आली, हे या आकड्याने मला कळले.

येथे कुंभकर्ण आठवल्याशिवाय राहत नाही. वाल्मीकींच्या युद्धकांडात त्याला उठवायला गेलेले राक्षस त्याच्या निःश्वासाच्या झोताने मागे लोटले जातात. शिवाय तो महाकाय, महाभोजी आणि उठताच कोपिष्ट. एखाद्या उत्साही डॉक्टराने त्याच्या गळ्याचा घेर मोजायला निघावे इतकी लक्षणे जमतात. तसेच चरकाने निद्रेला आहाराच्या जोडीला बसवून देहाच्या तीन उपस्तंभांत गणले, आणि सूत्रस्थानाच्या ज्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश माणसांचा विचार केला त्याच अध्यायात निद्रेचाही केला, ही जवळीक मनोहर आहे. पण म्हणून प्राचीनांना हा रोग ठाऊक होता, असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. रात्रभर बसून श्वास मोजल्याची नोंद जोवर दप्तरात सापडत नाही, तोवर तो दावा मुदतबाह्यच समजावा.

रात्रीच्या या अदृश्य झटापटीची किंमत दिवसा वसूल होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील सरकारी नोकरांच्या एका पिढीवर वर्षानुवर्षे नजर ठेवणाऱ्या पाहणीत, रात्रीचे रोध जितके अधिक तितका चार वर्षांनी उच्च रक्तदाब जडण्याचा संभव अधिक, असे २००० साली दिसले. स्पेनमधील बुर्गोस आणि सांतांदेर या गावांत अपघात करून इस्पितळात आलेल्या १०२ वाहनचालकांची रुजवात इतर माणसांशी घातली असता, तासाला १० किंवा अधिक रोध असणाऱ्यांत अपघाताचा संभव सहापटींहून अधिक आढळला; ही १९९९ सालची गोष्ट. रोध नसतानाही नुसती झोप तोडली तर काय होते, तेही त्याच वर्षी शिकागोत पाहिले गेले: ११ निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेवढ्यात त्यांची साखर पचविण्याची शक्ती मधुमेहाच्या उंबरठ्याकडे सरकली. आणि २००३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका प्रयोगात, चौदा दिवस रोज सहा तास वा त्याहूनही कमी झोपलेल्या माणसांची एकाग्रता एक ते दोन रात्री सलग जागलेल्या माणसांइतकी घसरली, तरी ‘झोप येते का?’ या प्रश्नाला ती माणसे ‘थोडी’ असेच उत्तर देत राहिली. या सर्व संशोधनातले मला सर्वांत भयावह वाटलेले वाक्य हेच. निजलेला माणूस आपल्या निद्रेचा साक्षीदार नसतो हे मी समजू शकतो. पण अपुरा निजलेला माणूस आपल्या जागेपणाचाही साक्षीदार उरत नाही.

उपचार असा की त्याची कल्पना ऐकून हसू यावे. सत्तरीच्या दशकात तीव्र रोग्याच्या गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवीत. अडलेल्या जागेला वळसा घालण्याचा तो सरळ मार्ग, पण रोगी स्वाभाविकच नकार देत. १९८० च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी अशाच नकार देणाऱ्या एका रोग्यावर, कचरा ओढून घेणाऱ्या घरगुती यंत्राची मोटर उलट बाजूने वापरून, नाकावर चिकटविलेल्या मुखवट्यातून थोड्या दाबाने हवा सोडली. घशाची नळी आतून फुगून उघडी राहिली आणि रोग्याला तत्काळ गाढ झोप लागली. दाब कमी करावा की रोध परत, वाढवावा की नाहीसा. सलिव्हन रात्रभर हा खेळ करून पाहत होते. पुढल्या वर्षी पाच रोग्यांचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये आला. आज आपल्याकडे ज्याला ‘सी-पॅप’ किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात ते याच मोटारीचे सभ्य वंशज.

मशीनने दिवसाची गुंगी जाते, हे निर्विवाद आहे. हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात टळतो काय, हा प्रश्न मात्र अजून तहकूब आहे. हृदयरोग वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २७१७ रोग्यांवर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला तो ‘टळत नाही’ असा. पण त्याच अहवालात हेही नमूद होते की रोग्यांनी मशीन वापरले ते रात्री सरासरी ३.३ तास. म्हणजे औषधाची अर्धी गोळी रस्त्यात टाकून औषध लागू पडले नाही म्हणण्यासारखे काहीसे झाले, किंवा औषधच अर्धे होते. दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या जागी ठाम आहेत. तोंडावर मुखवटा बांधून निजणे ही काय चीज आहे हे मी पहिल्या आठवड्यात पाहिले असल्यामुळे, माझी सहानुभूती त्या ३.३ तासवाल्यांकडे आहे.

आपल्याकडची वस्तुस्थिती काय, तर मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी, नेहमीच्या आरोग्य-तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून तिचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केला. ही माणसे झोपेची तक्रार घेऊन आलेली नव्हती. तरी त्यांच्यापैकी १९.५ टक्क्यांत झोपेतील श्वासरोध आणि ७.५ टक्क्यांत रोधाबरोबर दिवसाची पेंगही आढळली. लोकलच्या डब्यात बोरिवलीपासून मान खाली टाकून चर्चगेटला दचकून उठणारा जो मनुष्य आपण सर्वांनी पाहिला आहे, त्याच्याकडे या आकड्यांनंतर निराळ्या नजरेने पाहावे लागते. सगळेच काही रात्रपाळीचे नसतात.

या पाहणीत पुरुषच होते. विस्कॉन्सिनच्या १९९३ सालच्या पहिल्या अहवालात स्त्रियाही होत्या, आणि तेथे एक विसंगती उघड झाली. सरसकट तपासले तर दोन-तीन पुरुषांमागे एक स्त्री या विकाराची निघे, दवाखान्यांत मात्र आठ-दहा पुरुषांमागे एक येई. उरलेल्या कुठे गेल्या, याची कारणे डॉक्टर देतात: स्त्रियांची लक्षणे घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, निद्रानाश अशी गुळमुळीत असतात, वगैरे. ती खरी असतीलच. पण माझ्या मनात कॅलेंडर येते. नवऱ्याचा श्वास मोजीत बायको जागते. बायकोचा श्वास मोजीत जागलेला नवरा माझ्या परिचयात एकही नाही, आणि या यादीत मी स्वतःला वगळीत नाही. टोरांटोच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये तयार केलेली आठ प्रश्नांची एक पत्रिका आता जगभर, शस्त्रक्रियेपूर्वीसुद्धा, वापरतात. तिच्यातला एक प्रश्न असा की तुमचा श्वास झोपेत थांबलेला कोणी पाहिला आहे काय? किती बायकांना या प्रश्नाचे खरे उत्तर ठाऊक असेल?

पत्नीच्या साक्षीवर उभा राहिलेला आणखी एक रोग आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस येथे कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी, मुख्यतः वृद्ध पुरुषांचा, एक विचित्र विकार वर्णिला. स्वप्नबहुल निद्रेत देहाचे स्नायू निसर्गतःच लुळे असतात, म्हणूनच स्वप्नात धावणारा मनुष्य अंथरुणातच राहतो. या माणसांत तो बंदोबस्त ढिला पडला होता, आणि ते स्वप्नातल्या शत्रूला मारलेले ठोसे शेजारच्या बायकोला लागत. सकाळी नवऱ्याला आपल्या ठोशांचा पत्ता नसे, बायकोच्या दंडावर काळेनिळे वळ असत. कोणी झोपण्यापूर्वी स्वतःला पलंगाशी दोराने बांधून घेई. त्या डॉक्टरांनी मग या रोग्यांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि १९९६ मध्ये त्यांच्या ध्यानात आले की २९ जणांपैकी ३८ टक्क्यांना पार्किन्सनच्या जातीचा कंपवात जडला. २०१३ पर्यंत ज्यांचा माग लागला त्या २६ जणांत कंपवात किंवा स्मृतिभ्रंश जडलेल्यांचे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेले. हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधी मेंदूने पाठविलेली वर्दी होती ती, आणि ती पहिल्यांदा उमटली ती दुसऱ्याच कोणाच्या तरी कातडीवर.

आमच्या लहानपणी गिरगावच्या चाळीत कोणाचे घोरणे खाजगी नसे. मे महिन्यात गॅलरीत एका ओळीत अंथरुणे पडत, आणि कोणत्या बिऱ्हाडातले काका कोणत्या पट्टीत घोरतात, मधेच कसे ‘अडकतात’, याच्या नकला पोरे सकाळी नळावर करीत. त्यांतल्या एका काकांना पन्नाशीच्या आत झोपेतच मृत्यू आला तेव्हा लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कळलेसुद्धा नाही. त्या नकला आम्ही इतक्या हुबेहूब करीत असू की आज एखाद्या तंत्रज्ञाला ऐकविल्या तर तो सेकंद मोजू शकेल. आता प्रत्येकाला दार असलेली खोली आहे, मुले परगावी एकेकटी भाड्याच्या घरांत राहतात, आणि मनगटावरचे घड्याळ सकाळी ‘झोप समाधानकारक’ असा दाखला देते.

माझी परीक्षा पुण्यातल्या एका इस्पितळात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाली. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पायांना तारा, छातीपोटावर पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा, कोपऱ्यात अंधारातही पाहणारा कॅमेरा. भिंतीपलीकडे एक तिशीतला, बोलीवरून लातूरकडचा वाटणारा तंत्रज्ञ पडद्यापुढे बसला होता. पडद्यावर एका वेळी ३० सेकंदांचे पान येते; हा हिशेब कागदाच्या जमान्यातला, सेकंदाला एक सेंटिमीटर धावणाऱ्या ३० सेंटिमीटर रुंद पानाचा, आणि कागद गेला तरी वहिवाट राहिली आहे. आठ तासांची ९६० पाने होतात, व ती त्याला पुन्हा एकेक करून तपासावी लागतात. पहाटे तारा काढताना स्पिरिटच्या बोळ्याने केसांतला डिंक पुसत त्याने मला सांगितले की आठवड्यात सहा रात्री तो हेच करतो, असे सहावे वर्ष. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत घातले आहे, ते मला त्या क्षणी आठवले, पण बोललो नाही. मी विचारले एवढेच, “तुम्ही स्वतः कधी ही स्लीप स्टडी करून घेतलीत का हो?”

तो हसला. “मी घोरतो की नाही ते कुणाला ठाऊक, काका! मी घरी पोचतो तेव्हा बायको शाळेवर गेलेली असते, ती येते तेव्हा माझी निघायची वेळ. दोघं एका वेळी झोपतो ते फक्त रविवारी, आणि रविवारी रात्री मला झोपच येत नाही. मग मी आपला तिचं घोरणं ऐकत पडतो.”

“थांबतो का तिचा श्वास?”

बोळा क्षणभर माझ्या कानामागे थबकला. “मोजला नाही कधी,” तो म्हणाला, आणि शेवटची तार सोडवून वेटोळे करू लागला.